चौसष्ट केबी

रावपुऱ्यात रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढून
मी सेव-उसळीची गाडी लहान करत बसले आहे.

गाडी खरी आहे. नगीन राठवाची,
सुरसागरच्या वळणावर.
तिच्यावरून मी एक गाडी केली त्या दुसऱ्या जगासाठी,
जिथे सगळे किल्ले बांधतात, ड्रॅगन पाळतात,
आणि रात्री भूक लागली तर
कुणालाच कुठे जायला नाही.

फोटो काढले. पत्रा, काच, कांद्याची परात,
तर्रीवरचं तेल. नुसत्या तेलातच बल्बचे
दोनशे दहा लाल.
फाईल झाली साडेचार एमबी.
त्या जगाचा दरवान म्हणाला, चौसष्ट केबी.
वर एक दाणा नाही.

दरवानाशी मी भांडले असते.
पण पादऱ्याहून धैवत खेळायला येतो,
भावाचा उतरलेला फोन, काचेला तडा,
नेट गच्चीवर गेलं तर.
"दीदी, अहीं तो खाली खोखुं देखाय छे."
बाकीचे गाडीभोवती घोळका करून,
आणि हा राखाडी खोक्यासमोर
शहाण्यासारखा रांगेत.

म्हणून.

फणसेकाकांच्या छापखान्यात मी सात वर्षं लग्नपत्रिका काढल्या.
दर रंगाला वेगळी जाळी, दर जाळीचे वेगळे पैसे.
गिऱ्हाईक म्हणायचं, मोर हवा,
निळा, हिरवा, जांभळा, वर सोनेरी.
काका म्हणायचे, तीनात बसव. उडून कुठे जातोय?
आणि हळूच दाखवायचे, लाल ठिपका, शेजारी पिवळा,
लांबून बघणारा केशरी आपला आपण करून घेतो.
त्याचं बिल लावायचं नाही.

बसायचा मोर.

तर आता,
दोन हजाराची चौकट पाचशे बारावर.
चाक एकच ठेवलं, दुसरं त्याचंच उलटं.
पत्र्याचा एक वीतभर तुकडा, तोच चारदा.
काचेवरचं आकाश पुसलं, कुणी बघत नाही.
कांद्याला पांढरा आणि एक गुलाबी पुरे.
दोनशे दहा लालांतले सहा राहिले.
निवडताना हात थांबला, खोटं कशाला सांगू,
लग्नाच्या यादीतून नावं खोडताना
थांबतो तसा.

एकाहत्तर केबी.

गाडीच्या खाली काय आहे ते बघायला
त्या जगात कुणी वाकत नाही.
खालचं सगळं उडवलं.
एकोणसाठ. दरवान खूश.

दुसऱ्या संध्याकाळी उसळ खायला गेले.
खरं म्हणजे बघायला गेले.
रुमाल पाडला आणि वाकले.
खाली निळी बादली, तिच्यात उलट्या बश्या,
नगीनच्या चपला एकावर एक,
आणि एक वही, रबर लावलेली,
उधारीची असणार. माझेही चाळीस त्यात.
"शुं खोवायुं, बेन?"
काही नाही म्हटलं. पाव अजून एक द्या.

घरी येऊन बादली परत घातली.
सोळा बाय सोळाची, दोन निळे.
तिच्यासाठी तर्रीतला एक लाल द्यावा लागला,
कडेचा, जळका, मला आवडणारा.
वहीला जागा झाली नाही.
त्रेसष्ट पूर्णांक आठ.

अकरा वाजता धैवत आला.
गाडी दिसली का, विचारलं नाही.
तो बराच वेळ हलला नाही, मला वाटलं
नेट गेलं.
मग त्याचं ते चौकोनी डोक्याचं माणूस
गुडघ्यावर बसलं, मान तिरकी केली.

"दीदी, नीचे डोल छे!"

आणि थोड्या वेळाने,
"तीखुं छे?"

पाच लालांत जेवढं बसेल तेवढं,
मी लिहिलं, आणि खोडलं,
आणि लिहिलं, बहु.